चौघांची सहल

माझ्या बायकोला कापूस सोसत नव्हता, आणि आमच्या भागात कापूस नसलेलं घर नव्हतं. आमचं गाव राळेगावच्याही पुढे, आतल्या बाजूला. तिचं माहेर मारेगावकडचं. लग्नाआधी तिला असा काही त्रास नव्हता, असं तिची आई सांगायची. मुलगी तीन वर्षांची झाली त्या साली तिला पहिल्यांदा दम लागला, आणि मग दरवर्षी. पावसाळ्यात ती बरी असे. दसऱ्याच्या पुढेमागे कापसाचा पहिला वेचा घरात आला की आठवड्याभरात तिच्या छातीतून बारीक शिट्टी यायला लागे. ती हसून म्हणायची, "सुटली पाहा गाडी. आता होळीपरेंत थांबत नाही."

ज्या वर्षांविषयी लिहितो आहे त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. खरेदी केंद्रं उशिरा उघडायची, व्यापारी बोंडं हातात घेऊन तोंड वाकडं करायचा, आणि लोक माल परत घरी आणायचे. बाहेरच्यांना वाटतं, कापूस शेतातून थेट बाजारात जातो. आमच्याकडे तो आधी घरात राहायला येई आणि महिनोन्महिने राही. समोरची मोठी खोली त्याची. आढ्यापर्यंत गंजी. स्वयंपाकघरात जायचं तर त्याच खोलीतून, भिंतीला घासून. भाजीत तंतू, पाण्याच्या गुंडावर तंतू, मुलीच्या पापण्यांवर तंतू. कापसातल्या बारीक किड्यांनी अंगाला खाज सुटायची, ती वेगळीच.

आणि कापूस पडलेल्या घराला कुलूप लागत नाही, ही आमच्याकडची रीत. एक ठिणगी पुरे होते, त्यामुळे कोणीतरी मोठं माणूस घरात पाहिजेच. लग्नाला गेलो तरी घरातला एक जण मागे राहायचा. आमच्या घरात मोठी माणसं तीनच होती: माझे वडील, बायको आणि मी. मुलगी नऊ वर्षांची.

त्या साली दिवाळीनंतर तिला यवतमाळला दाखवलं. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी तिची छाती ऐकली, मला बाहेर बोलावलं आणि विचारलं, "घरी कापूस आहे?"

मी म्हणालो, "आहे."

"मग औषधाला काय करायला सांगू? तिला काढा तिथून. पंधरा-वीस दिवस तरी. माहेरी पाठवा."

"माहेरीही कापूसच आहे, डॉक्टर."

त्यांनी हातातल्या चिठ्ठीवर औषध लिहिलं. मग म्हणाले, "मास्तर, मग कुठं तरी सहलीला घेऊन जा. पण न्या. छाती फार खराब होत चालली आहे."

सहल हा शब्द आमच्या घरात असा आला, औषधाच्या चिठ्ठीवरून.

मी गावापासून चार मैलांवरच्या शाळेत मराठी शिकवत असे. शाळा विनाअनुदानित होती. पगार नावाला, तोही संस्थेला आठवण झाली तर. घर चालायचं ते शेतीवर, आणि शेती वडिलांच्या हातात. आमच्यावर कोणाचं देणं नव्हतं, हे वडील अभिमानाने सांगायचे, आणि ते खरं होतं. पण हातात रोख म्हणून जे असे ते कापूस विकल्यावरच. म्हणजे सहलीचा खर्च त्या गंजीत होता आणि घरातून निघायची मोकळीकही त्या गंजीतच होती. ती उठल्याशिवाय दोन्ही मिळणार नव्हतं.

मी ठरवलं, तोवर आराखडा तरी पक्का करून ठेवू.

शाळेच्या ग्रंथालयाचं कपाट माझ्याकडे असायचं. त्यातून नकाशांचं पुस्तक आणलं, जुन्या दिवाळी अंकांतली प्रवासवर्णनं आणली. उरलेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांवर मी लिहायला बसलो. एका रात्री जेवताना सगळ्यांना विचारलं, कुठं जायचं.

वडील म्हणाले, "माहूरले जाऊ. जवळ हाये. देवीचं दर्शन होते अन् हवाबी बदलते."

"माहूरले जाताना काय दिसते, मामाजी?" बायको म्हणाली. "दोन्ही बाजूनं कापसाची पऱ्हाटी."

मुलगी म्हणाली, "समुद्र. मले समुद्र पाह्याचा हाये."

"तुले कोणं सांगतलं समुद्राचं?" वडिलांनी विचारलं.

"पप्पानं वाचून दाखोलं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, समुद्र तुमाले पाह्याचा हाये. पोरीच्या अन् माह्या नावावर कायले टाकता?"

मी म्हणालो की दम्याच्या माणसाला समुद्राची हवा मानवते, असं मी वाचलं आहे. ते मी खरंच वाचलं होतं. पण तिचं म्हणणंही खरं होतं. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता आणि माझ्या डोक्यात तो फार वर्षांपासून होता.

"बरं, तुले कुठं जायचं?" मी विचारलं.

"जिथं कापूस नाही, तिथं," ती म्हणाली आणि भाकरी उलटायला उठली.

पुढचा दीड महिना मी त्या कागदांवर घालवला. चौघांना झेपेल अशी सहल बांधणं हे मला एखाद्या अवघड उताऱ्याचा अर्थ लावण्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात मला आनंद होता. मुलीला एसटीत उलटी होते, म्हणून वर्ध्यापर्यंतच एसटी, पुढे रेल्वे. वडिलांना जिने चढवत नाहीत, म्हणून तळमजल्याची खोली. बायकोला धुराचा त्रास, म्हणून चुलीपासून लांब. एका जुन्या अंकात कोकणातल्या एका घराची जाहिरात होती, समुद्रापासून चालत पाच मिनिटं, घरगुती राहणं-जेवण. मी पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी कार्ड आलं: खोली आहे, दर परवडतील असेच आहेत, मासे चालतात किंवा कसे ते कळवावे.

वडिलांच्या गळ्यात माळ. ते म्हणाले, "ज्या घरात मासा शिजते, त्या घरचं पाणीबी मले चालत नाही."

"मामाजी, समुद्राच्या पाण्यातबी मासेच असते," बायको म्हणाली. "त्याच्यात पाय तरी बुडोसान का नाही?"

वडील हसले. ते तिच्या बोलण्यावर नेहमी हसत. पण माशांचं काही सोडेनात. मी पुन्हा पत्र लिहिलं: एका वृद्ध गृहस्थांसाठी वेगळी भांडी, वेगळी शेगडी होऊ शकेल काय. त्याचं उत्तर यायला महिना लागला. दरम्यान पौष आला, तिसरा वेचा घरात आला आणि गंजी स्वयंपाकघराच्या दाराशी टेकली.

बायको आता बसून झोपायची. दोन उशा पाठीशी, एक मांडीवर. सकाळी भांडी घासताना मध्येच थांबायची आणि भिंतीला हात लावून उभी राहायची. मी विचारलं तर हात हलवून "जा शाळेत" अशी खूण करायची, कारण बोलायला श्वास लागे.

एका रविवारी मला वाटलं, निदान गंजी तरी तिच्या वाटेतून मागे घ्यावी. वडील आणि मी पाट्या घेऊन कापूस मागच्या खोलीत नेऊ लागलो. ती शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत होती. अर्ध्या तासात घरभर धुकं पडल्यासारखं झालं. पाटी ओतली की तंतूंचा लोट उठे. आम्ही दोघं घाम पुसत, खोकत काम करत होतो आणि तिचं भान आम्हाला मुलीच्या ओरडण्याने आलं. बायको ओठ निळे पडून जमिनीवर हात टेकून बसली होती. राळेगावला नेऊन सुई द्यावी लागली. तिथल्या डॉक्टरने मला बजावलं, कापूस हलवायचा असेल तेव्हा ही घरात नको. तंतू बसलेला असला तर एक वेळ चालेल, उडाला की नाही. हे त्याने मला दोनदा सांगितलं. मी मान हलवली होती. हे लिहून ठेवतो.

त्यानंतर चार दिवसांनी, उन्हात बसलेली असताना, ती म्हणाली, "ऐका न. आपण दोघंच चिखलदऱ्याले जाऊ."

"दोघंच?"

"मामाजी घर पाह्यतीन. पोरगी राह्यते त्यायच्यासंगं. तीन-चार दिवस. माह्याजवळ डोरलं हाये, ते मोडू. कापसाची वाट कायले पाह्याची?"

मी काय काय म्हणालो ते मला सगळं आठवतं. चिखलदऱ्याला माघात थंडी असते, थंडी छातीला वाईट. चार दिवसांनी काय होणार, डॉक्टर पंधरा दिवस म्हणाले. मुलीला समुद्राचं कबूल केलं आहे. डोरलं मोडायची वेळ आपल्यावर आलेली नाही. माझा प्रत्येक मुद्दा बरोबर होता. एखाद्या विद्यार्थ्याने लिहिला असता तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमी लय चांगलं जमोलं हाये, मास्तर. चौघायचं. पण मी एकटीच दमून राह्यलो न."

मी म्हणालो, "आता थोडेच दिवस."

त्या रात्री मात्र मी वडिलांशी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून. म्हणालो, आहे त्या भावात विका.

वडील म्हणाले, "मागच्या साली लवकर विकला अन् महिन्यानं भाव चढला. साऱ्या गावानं हासू केलं माहं. अजून आठ दिवस थांब. केंद्र उघडून राह्यलं म्हणते."

"तिच्याकडं पाहा, बाबा."

"पाहूनच राह्यलो रे. तिच्यासाठीच तं थांबलो. समुद्र काय फुकट दिसते?"

हे ते खरंच मानत होते. मीही मानत होतो. आठ दिवसांचे वीस झाले. भाव चढला नाही, थोडा उतरलाच. शेवटी एक दिवस वडील स्वतःच म्हणाले, "गाडी सांग. विकून टाकू."

गाडी भरायचा दिवस मी नीट आखला होता. बायको पहाटेच शेजारच्या काकूंकडे जाईल, दिवसभर तिथेच राहील. मुलगी शाळेतून परस्पर तिकडेच. जेवण काकू करतील. वडील आणि मी दोघंही गाडीसोबत जाऊ, कारण मापाशी भांडायला वडील पाहिजेत आणि रांगेत उभं राहायला मी. गंजी उठल्यावर घराला कुलूप लावता येईल. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "हो मास्तर, हजेरी लावतो काकूच्या घरी."

भरणारी माणसं आली, कापूस गाडीत तुडवून तुडवून भरला गेला. दुपारी आम्ही निघालो. मी काकूंच्या ओसरीकडे पाहिलं, ती तोंडाला पदर लावून उभी होती. तिने हात केला. घराला कुलूप मी लावलं, पण किल्ली तिच्याकडे दिली.

रांग राळेगावच्या बाजाराच्या फाटकापासून रस्त्यावर फार लांब गेली होती. आमचा नंबर दुसऱ्या दिवशी लागेल असं कोणी म्हणालं, कोणी तिसऱ्या. वडील ओळखीच्या माणसांत जाऊन बसले. मी गाडीच्या सावलीत बसून खिशातले कागद काढले. पैसे हातात आले की मनीऑर्डर, मग आरक्षण. कोकणातून दुसरं कार्ड आलेलं होतं: वेगळी शेगडी देऊ, थोडी रक्कम आगाऊ पाठवावी. मी तारखा लिहीत होतो. मला आठवतं, मला भूक लागली होती आणि मी खूश होतो.

दिवे लागून तासभर झाल्यावर काकूंचा नवरा मोटरसायकलवर आला. रांगेतल्या एकेका गाडीशी थांबून विचारत तो आमच्यापर्यंत पोचला. तो म्हणाला, "मास्तर, चाल. राळेगावले डॉक्टर नोता, वहिनीले जीपनं यवतमाळले नेलं."

यवतमाळला आम्ही पोचलो तेव्हा काकू दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला पाहून डोक्यावरून पदर पुढे ओढला. ती वाटेतच गेली होती. आमच्या गावाकडून यवतमाळला यायला रस्ता एकच आहे. ती जीप आमच्या रांगेला लागूनच गेली असणार.

काय झालं होतं ते काकूंनी तेराव्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. त्या शेतातून चारा आणायला गेल्या होत्या. परत आल्या तर आमच्या घराचं दार उघडं आणि मुलगी बाहेर बसलेली. गंजी उठलेली खोली दिवेलागणीच्या आत झाडून घ्यायची, राहिलेल्या कापसातून मूठभर वातींसाठी बाजूला काढायचा आणि मगच दिवा लावायचा, हे आमच्याकडे घरच्या बाईचं काम. माझी आई करायची, तिची आई करायची. बायको किल्ली घेऊन गेली आणि चार महिन्यांचे तंतू बसलेली ती खोली तिने झाडली.

माझ्या कागदांवर माशांचा परिच्छेद होता. उलटीच्या गोळ्या होत्या, वडिलांच्या काठीला रबरी टोपण होतं. गंजी उठल्यावर खोली कोण झाडणार, हे कुठेच नव्हतं. उडालेला तंतू नको, हे डॉक्टरने मला दोनदा सांगितलं होतं. मी गाडी भरण्याचा विचार केला, झाडण्याचा केला नाही. झाडलेलं घर मी जन्मभर पाहत आलो होतो. झाडणं मी पाहिलं नव्हतं.

तेरावं झाल्यावर वडील एकदा ओसरीत माझ्याशेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "त्या वीस दिवसात विकला असता तं?"

मी म्हणू शकलो असतो की केव्हाही विकला असता तरी खोली झाडावी लागलीच असती, आणि झाडणारी तीच असती. ते खरं होतं आणि त्यांना त्याने थोडं बरं वाटलं असतं. पण मी बोललो नाही, कारण तेव्हा मला वाटत होतं की दोषाचा थोडा भाग त्यांच्याकडे राहू द्यावा, सगळा मला पेलणार नाही. वडील पुढे सहा वर्षं जगले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि मीही त्यांना ते सांगितलं नाही. याचं आता काही करता येत नाही.

समुद्राला आम्ही गेलो नाही. मुलगी मोठी झाली, शिकली, नागपूरला नोकरीला लागली. मागच्या दिवाळीत ती आली होती. आता आम्ही घरात कापूस ठेवत नाही, शेतातूनच व्यापाऱ्याची गाडी येते. समोरची खोली मी पुस्तकांना दिली आहे. एका सकाळी मी ती खोली झाडत होतो, रोज मीच झाडतो. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, पाणी शिंपडून झाडत जा."

मी म्हणालो, "शिंपडलं आहे."

तिने वाकून जमिनीला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "त्या दिवशी मी आईले म्हणलं होतं, मी झाडतो."

मला समजेना ती काय म्हणते आहे. मी झाडू खाली ठेवला.

"मी शाळेतून काकूकडंच गेलतो. ती मले म्हणे, चाल, घर झाडून घेऊ, आता आपण गावाले चाललो तं घर साफ पाह्यजे. लय खूश होती ती. मी म्हणलं, आई, तू नको, मी झाडतो. ती म्हणे, तू बाहेर बस. तुयीबी छाती माह्यासारखी होईन. मी झाडू धरला होता हातात. तिनं घेतला माह्या हातातून. अन् मी दिला."

मी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "मी सोडायले नोतं पाह्यजे."

इतकी वर्षं हे तिच्याजवळ होतं. मी रोज तिला डबा करून दिला, तिच्या वह्या तपासल्या, तिला तापात पाहिलं, आणि हे मला कळलं नाही.

मी तिला बसवलं आणि जे सांगता आलं ते सांगितलं. राळेगावच्या डॉक्टरने मला काय बजावलं होतं ते सांगितलं, कारण ते तिला माहीत नव्हतं. तिची आईच चिखलदऱ्याला जाऊ म्हणाली होती आणि मी नाही म्हणालो, तेही सांगितलं. त्या दिवशी कोणी काय करायचं हे मी ठरवलं होतं, आणि झाडण्याचं ठरवायला मी विसरलो; नऊ वर्षांच्या मुलीने आईच्या हातात झाडू दिला, यात चूक काही नाही, आई मागते ते मूल देतं. ती डोळे पुसत ऐकत होती.

शेवटी म्हणाली, "तुमी तं असंच म्हणसान, पप्पा."

तिला पटलेलं नाही, हे मला तेव्हाच कळलं. तोंडाने सांगितलेलं बाप समजूत घालतो म्हणून विसरलं जातं. म्हणून हे लिहून काढलं. ती संक्रांतीला येईल तेव्हा हे कागद तिच्या हातात देणार आहे आणि ती वाचेपर्यंत समोर बसणार आहे.